पप्पांनी काढून टाकलेलं गाणं

आधी माझी चूक सांगतो. नगर सोडताना पप्पांनी मला एक कॅसेट दिली होती, त्यांच्या लाडक्या अमेरिकन कंट्री गाण्यांची. गाणी त्यांनी स्वतः निवडून भरली होती. दिल्लीला आल्यावर चौथ्याच महिन्यात ती मी पुसली. चुकून नव्हे, समजून-उमजून पुसली. आणि नंतर तीस वर्षं ती माझ्याकडे आहे असं सांगत राहिलो.

मिशन कंपाउंडातून जी मंडळी मला सोडायला स्टेशनवर आली होती, त्यांना ती सकाळ आठवत असेल. पाळकसाहेबांनी प्लॅटफॉर्मवरच प्रार्थना केली. आईने दशम्यांचा डबा दोनदा उघडून पाहिला आणि दोनदा बंद केला. मला केंद्र सरकारात स्टेनोग्राफरची नोकरी लागली होती, वय बावीस. गाडी हलली तेव्हा पप्पा पुढे आले. खिडकीच्या गजांतून त्यांनी कॅसेट आत सरकवली आणि म्हणाले, "एवढी पुरतील. बाकीची नसली तरी माणसाचं चालतं."

पप्पा मिशनच्या वर्कशॉपमध्ये पंप आणि इंजिनं दुरुस्त करायचे. तिथला अमेरिकन साहेब मायदेशी परतताना आपला रेकॉर्ड प्लेअर आणि सत्तरेक रेकॉर्डी त्यांना देऊन गेला. पप्पांचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. पण घर, शेत, बायको, देव, दारू एवढ्यातच फिरणारी ती गाणी त्यांना कळायची. संध्याकाळी प्लेअर सुरू झाला की शेजारच्या मामी ओरडायच्या, "दावीदभाऊंचा गोरा परत रडायला लागला, दारं लावा." पप्पा हसून आवाज थोडा वाढवायचे.

माझी ऑर्डर आल्यापासून दोन महिने ते निवडत होते. कसोटी एकच. काम करताना जे गाणं लागल्यावर हातातला पाना खाली ठेवावासा वाटतो, ते घ्यायचं. नुसतं चांगलं असेल तर नाही. सत्तर रेकॉर्डींतून बावीस गाणी उरली. प्लेअरसमोर उसना टेपरेकॉर्डर ठेवून त्यांनी ती भरली, आणि प्रत्येक गाण्याआधी स्वतःच्या आवाजात एक ओळ सांगितली. "याचं शेत गेलं, पण कुत्रं गेलं नाही." "ही बाई म्हणते, परत आलास ते ठीक, पण आधी पाय धू." एका ठिकाणी मागून आई म्हणाली होती, "अहो, चहा निवतोय." ते त्यांनी तसंच राहू दिलं.

हे मला माहीत आहे, कारण पहिली बाजू मी एकदा ऐकली. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीत एका साहेबांच्या क्वार्टरची मागची खोली आम्ही तिघांनी घेतली होती. माझ्या रूममेटने दोन गाणी ऐकली आणि विचारलं, "यार, ये अंकल किसके मरने पे रो रहे हैं?" मीही हसलो. त्या हसण्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नव्हती.

पुढे डिपार्टमेंटल परीक्षा आली. मिनिटाला शंभर शब्दांचं डिक्टेशन. रूममेट अग्रलेख वाचायचा, मी ते टेप करायचो आणि पुन्हापुन्हा लावून शॉर्टहँड घ्यायचो. एका रविवारी कोरी कॅसेट मिळाली नाही. पप्पांच्या कॅसेटवर रेकॉर्ड होऊ नये म्हणून त्यांनी मागचे प्लॅस्टिकचे दोन्ही दात मोडून ठेवले होते. मी त्या खाचांवर सेलोटेप चिकटवली. एवढं सगळं हाताने केलं, तेव्हा चुकून झालं म्हणायची सोय मला नाही. दोन्ही बाजू डिक्टेशनने भरल्या. परीक्षा पास झालो.

एसटीडी बूथवरून फोन केला की पप्पा विचारायचे, "ऐकतोस ना?" मी म्हणायचो, "हो पप्पा, दर रविवारी." त्याच भरवशावर त्यांनी रेकॉर्डी मिशनच्या हॉस्टेलला देऊन टाकल्या. म्हणाले, "निवडलेली तुझ्याकडे आहेतच." त्या रेकॉर्डींचं पुढे काय झालं, कुणालाच सांगता येत नाही.

माझ्याबरोबर बाहेर पडलेल्यांनो, तुम्हाला हे ओळखीचं असेल. आपण फोनवर ज्या गोष्टी जपून ठेवल्याचं सांगतो, त्यातल्या निम्म्या कधीच गेलेल्या असतात. मी दिल्लीत रुळलो, स्टेनोचा प्रायव्हेट सेक्रेटरी झालो. बोलण्यात अच्छा आणि चलो कधी घुसले कळलं नाही. लग्न झालं, रूथ झाली. लक्ष्मीबाई नगरची जुनी क्वार्टर्स पाडायला घेतली तेव्हा आर. के. पुरमला आलो. तीन वर्षांपूर्वी आई गेली आणि पप्पा आमच्याकडे आले. पहिल्या सकाळी त्यांनी बाल्कनीतून खाली पाहिलं आणि म्हणाले, "इथे कुणी कुणाला सलाम करत नाही का रे?" आता खालचे दोन सिक्युरिटी गार्ड त्यांना रोज सलाम म्हणतात.

रूथ गुडगावच्या कंपनीत आहे, आजोबांवर तिचा फार जीव. गेल्या हिवाळ्यात ती म्हणाली, "आजोबा, तुमची कंट्रीची टॉप गाणी सांगा ना. मी प्लेलिस्ट बनवते."

"मला कशाला विचारतेस? तुझ्या बाबाकडे तयार आहे सगळं."

मी तिथेच बसलो होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "कॅसेट शिफ्टिंगमध्ये गेली, पप्पा. पण गाणी माझ्या लक्षात आहेत. मी यादी देतो."

ऑफिसात लंच-अवरला मी इंटरनेट उघडलं. कंट्रीची अत्यावश्यक गाणी निवडून देणाऱ्या याद्या पुष्कळ सापडल्या. जाणकारांनी केलेल्या, मान्यवर. त्यातली बावीस उचलली आणि रूथला पाठवली.

रविवारी चर्चहून आल्यावर तिने स्पीकर लावला. पप्पा कानातलं यंत्र नीट करून बसले. चार गाणी ते पायाने ताल धरत होते. पाचवं सुरू झालं आणि पाय थांबला.

"हे नव्हतं."

"होतं, पप्पा."

"यात नवरा बायकोचा गळा दाबतो आणि मग तीन कडवी रडत बसतो. तुझी आई म्हणाली होती, पोरगा एकटा लांब चाललाय, त्याला असलं काही देऊ नका. मी काढलं होतं."

रूथ हसत म्हणाली, "आजोबा, बिल्कुल क्राइम सीरिज आहे ही."

मी शांतपणे म्हणालो, "तुम्ही विसरलात, पप्पा. होतं हे."

पप्पांनी कानातलं यंत्र पुन्हा चाचपलं. मग म्हणाले, "असेल. वय झालं आता."

त्यानंतरच्या दिवसांत ते गॅस बंद आहे की नाही हे दोनदा बघू लागले. जुनी गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबायचे, "राहू दे, मला खात्री नाही." एकदा कॅलेंडरच्या मागे काही लिहीत होते. कंपाउंडातल्या आमच्या ओळीची घरं, क्रमाने, प्रत्येक घरातल्या माणसांसकट. मी वाचून पाहिलं, एकही चूक नव्हती. तरी त्या संध्याकाळी ते रूथला म्हणाले, "बाळ, डोक्याच्या डॉक्टरची वेळ घे. तुझ्या आजीने सांगितलेलंही माझं उलटसुलट व्हायला लागलंय."

रूथने वेळ घेतली, पुढच्या गुरुवारची. गुरुवारपर्यंत मी गप्प राहिलो असतो तर डॉक्टरांनीही वयाचंच नाव घेतलं असतं आणि मी सुटलो असतो. हे मी मनात नीट मांडून पाहिलं होतं, म्हणून लिहितो.

घर म्हणजे नगर, असं मी इतकी वर्षं दिल्लीतल्या लोकांना सांगत आलो. पण नगरला आता आमच्या घरात दुसरं कुटुंब आहे. माझं जे काही घर उरलंय ते या म्हाताऱ्याला आठवतंय तेवढंच, आणि तेही मी माझ्या हाताने त्यांच्याकडून काढून घेत होतो.

बुधवारी रजा टाकली. पप्पा बाल्कनीत उन्हाला बसले होते. मी स्टूल घेऊन शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. सेलोटेप, डिक्टेशन, इंटरनेटवरची यादी. मान खाली घालून, एका दमात. वर पाहिलं तर त्यांच्या कानातलं यंत्र खिडकीत चार्जिंगला लावलेलं.

"काय म्हणालास?" त्यांनी विचारलं.

खाली भाजीवाला उभा होता, समोरच्या बाल्कनीत शर्माजी कुंड्यांना पाणी घालत होते, आत रूथ घरून काम करत बसली होती. मी उठून त्यांच्या कानाशी वाकलो आणि सगळ्या ब्लॉकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "पप्पा, तुमची आठवण पक्की आहे. ते गाणं तुम्ही काढलंच होतं. तुमची कॅसेट मी पुसली आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."