आत्याची खुर्ची

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. भेटायला येणारं माणूस अजून एकच म्हणतं, "सुटली बिचारी." कशातून सुटली ते कुणी सांगत नाय. माझ्यातून म्हणत असतील तर कबूल. पायाच्या दुखण्यातून म्हणत असतील, तर दुखण्यापरीस माणसांनीच तिला जास्त छळलं, हे मी चौथी शिकलेला माणूस लिहून ठेवतो.

दुखणं असं, की आज बाई भरला हंडा घेऊन जिना चढायची अन् उद्या पलंगाखाली पाय टेकवला की कमरेखालचं सगळं वाळूच्या पोत्यागत. परवा पुन्हा चालू. मोठ्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, नसांचा आजार आहे, कधी येईल कधी जाईल सांगता येत नाही. एवढं तर आमच्या गल्लीतल्या शेळीला बी कळत होतं. गल्लीचं म्हणणं मात्र निराळं. "कामाच्या दिवशी जातात हिचे पाय, सणाला बरोबर येतात." कायमची लंगडी असती तर दया केली असती, कायमची धड असती तर हेवा केला असता. अशा बाईचं करायचं काय, तेच लोकांना उमजंना.

त्यात तिच्या धाकट्या भावाला चितेगावात पहिली मुलगी झाली. बायको एकुलती एक बहीण, म्हणजे एकुलती एक आत्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. नाव सांगून झालं की बाकीच्या बायका आत्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालतात. हा आमच्याकडं मान समजतात.

"अन् त्या दिवशी पाय गेले तर?" मी विचारलं.

मेहुणा म्हणाला, "दाजी, उचलून आणा की अक्काला."

"भर मांडवात नवऱ्याच्या खांद्यावर?" ती कडाडली. "मी काय गव्हाचं पोतं हाय? तसं असंल तर चुलतबहिणीला बसवा पाळण्यापाशी." अन् तोंड फिरवून बसली. चुलतबहिणीला बसवलं असतं तर तिनं जन्मभर मला अन् भावाला सुखानं जेवू दिलं नसतं.

मग लागलो खुर्ची हुडकायला. चाकाची पाहिजे, अन् घडी होऊन जीपमधी बसली पाहिजे.

कुणी सांगितलं, एका मैदानावर अपंगांना फुकट तीनचाकी गाड्या वाटणार हायत. गेलो. सकाळी तिचे पाय नव्हते, दोघांनी रिक्षातून उतरवली. पुढारी दुपार टळल्यावर आला, तोवर पाय परत आलेले. हार घातलेला माणूस मांडवात शिरला, अन् आमची बाई डोक्यावर पदर घेऊन उठून उभी राहिली. थोर माणूस आला की उठायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं.

पुढाऱ्याचा माणूस धावत आला. "ओ बाई, उभ्या का राहिलात?"

"सायेब आले ना."

"म्हणजे चालता येतंय!"

"आत्ता येतंय. सकाळी येत नव्हतं."

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या सांगते."

सगळा मांडव हसला. आम्हाला बाहेर काढलं. शेजारचा एका पायाचा म्हातारा म्हणाला, "अक्का, मान द्यायच्या नादात गाडी घालवली की." इकडं पुढारी माइकवर सांगत होता, आम्ही अपंगांना पायावर उभं करू. एक उभी राहिली होती, तिला नुकतीच हाकलली होती.

शहागंजच्या बाजूला एका दुकानात लोखंडी खुर्ची होती. दोघांना हलंना. घडी होती का विचारलं, तर दुकानदार म्हणतो, "चच्चा, ये बैठने की चीज है, लपेटने की नईं."

शेवटी छावणीच्या बाजारात जुन्या सामानात गावली. कापडी बैठक, एक चाक कुरकुरतंय, पण घडी झकास. बायको त्या दिवशी ठणठणीत. तिनं दुकानदारालाच खुर्चीत बसवला अन् गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेला. तो घाबरून म्हणतो, "अम्मा, मरीज किधर है?"

"मीच," ती म्हणाली. "उतर आता खाली."

बारशाच्या दिवशी सकाळी पाय गेले. बाईला उलटा आनंद. "बघा, आणली ती कामाला आली!" जीपवाल्यानं खुर्ची मागं कोंबली, वर दोन प्रवासी बसवले, अन् आम्ही चितेगावला पोचलो.

अंगणात पाळणा बांधलेला. मी खुर्ची पाळण्याला भिडवली अन् गडीमाणसांच्या सतरंजीवर जाऊन बसलो. ती वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेलं, नाव सांगितलं. अन् मग गुद्द्यांची वेळ आली. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. भावजय हळूच म्हणाली, "नका गं, अक्का आजारी हायत."

बायकोचं तोंड मी लांबून बघितलं. डॉक्टरपाशी बी ते तसं झालं नव्हतं.

"आत्या मी हाय का नाय?" ती म्हणाली. "पाय गेलेत, पाठ जाग्यावर हाय. मारा की!"

कुणी हात उचलंना. शेवटी भावाची सासू पुढं आली. जन्मभर शेतात राबलेली बाई. तिनं असा गुद्दा घातला, की खुर्ची सुटली. चाकाला दगड लावायचं कुणाच्याच ध्यानात नव्हतं, अन् अंगणाला उतार. खुर्ची कुरकुरत सरळ गड्यांच्या चहाच्या कपांत.

"दाजी, धरा!" मेहुणा वरडला.

धरली. तिला लागलं का बघतोय, तर मागून सगळ्या बायका पळत आलेल्या. राहिलेले गुद्दे त्यांनी तिथंच घातले, माझ्या देखत. एकीनं बी हात राखला नाय. पदर सांडलेला, चहा सांडलेला, अन् ती खुर्चीचे दांडे धरून हसत म्हणत होती, "अजून. अजून घाला."