सीलबंद बाटलीला थिनरचा वास

बाटलीचं सील शाबूत होतं. तारीख संपायला चार महिने होते. तरीही झाकण उघडलं आणि रंगाच्या दुकानात शिरल्यासारखं झालं.

बाटली आमचीच होती. त्या बॅचच्या रिपोर्टवर सहीही माझीच होती. अलिबागजवळच्या एका पाण्याच्या प्लांटमध्ये मी क्वालिटी बघते. बावीस वर्षं झाली. पाणी पास की नापास, हे मी ठरवते.

टेबलापलीकडे रेवदंड्याचे चिंतामण नाखवा लेखी तक्रार घेऊन बसले होते. नाखवा म्हणजे बोटीचा मालक. मासेमारीची बंदी उठल्यावर त्यांची बोट आठ दिवसांसाठी निघाली आणि तिसऱ्याच दिवशी परत आली. दोन खलाशांना उलट्या झाल्या होत्या. बाकीचे पाण्याला हात लावेनात.

"पोरं म्हंतात, उन्हात प्लास्टिक पान्यात वितलतं. मोबाइलवर आलंय," नाखवा म्हणाले. "खरं हाय का खोटं, तेवढं सांगा. उद्या मी आपली कॅन भरून घेतो."

"कसली कॅन?"

"निली. भंगारवाल्याकडची. तीनदा साबनानं धुतली का वास जातो."

त्या निळ्या कॅन कारखान्यांतून येतात. आत आधी काय होतं, हे भंगारवाल्यालाही ठाऊक नसतं. आणि वास गेला म्हणजे केमिकल गेलं असं नाही. पूर्वी रेवदंड्याच्या बहुतेक बोटींवर पिण्याचं पाणी त्यातच असायचं. ती सवय आत्ता कुठे सुटत होती. नाखव्यांनी पुन्हा कॅन भरली असती, तर आठवड्याभरात सगळ्या कोळीवाड्याने भरली असती.

प्लांटचे मालक, आमचे गुजराती शेठ, शेजारीच बसले होते. ते मध्येच म्हणाले, "बेन, जाऊ द्या ने. पंधरा खोकी बदलून द्या. तक्रारीचा कागद परत घ्या. वात खतम."

"शेठ, खोकी दिली तर पाणी खराब होतं असं ठरेल. आणि कारण कळलंच नाही, तर नवी पंधरासुद्धा तशीच होतील."

"मग काय करायचा?"

"दोन तास द्या."

प्रत्येक बॅचमधल्या काही बाटल्या आम्ही लॅबच्या कपाटात राखून ठेवतो. त्यांना कंट्रोल सॅम्पल म्हणतात. पुढे तक्रार आली तर ताडून बघायला. त्याच बॅचच्या चार बाटल्या काढल्या. वास नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, दोन्हीकडे सारखे. पण ते मशीन क्षार मोजतं. त्याच्यापुढे थिनर टाकलेलं पाणी धरलं तरी ते खुशाल बरोबर म्हणेल. वासासाठी अजून नाकच लागतं.

आणि माझं नाक चांगलं आहे. हे सांगायला मी लाजत नाही. टेस्टिंगच्या दिवशी मी कच्चा कांदा खात नाही, केसांना तेल लावत नाही, गजरा तर नाहीच. घरचे हसतात. हसू देत.

सात काचेचे फ्लास्क घेतले. पाणी कोमट केलं, कारण कोमट पाण्यातून वास लवकर उठतो. मी बाहेर गेले आणि नाखव्यांनी स्वतःच्या हाताने, मनाला येईल तसं, कुठे त्यांचं पाणी तर कुठे कपाटातलं पाणी भरलं, आणि कशात काय ते कागदावर लिहून खिशात ठेवलं. आत येऊन मी एकेक झाकण उघडत गेले. "दुसरा, तिसरा आणि सहावा तुमचा."

नाखव्यांनी खिशातला कागद काढून बघितला. तिन्ही बरोबर. शेठना वाटलं, लागला असेल नेम. म्हणून सगळं पुन्हा भरायला लावलं. पुन्हा सगळे बरोबर.

मग मी नाखव्यांना म्हटलं, "आता तुम्ही घ्या. मासळी ताजी की शिळी हे डोळे मिटून सांगता, हेही सांगाल."

त्यांनी फ्लास्क नाकाशी धरला. पुन्हा धरला. चेहरा हळूहळू उतरला. "ह्यो प्लास्टिकचा वास न्हाय, मॅडम. ह्यो थिनर हाय. माझ्याच बोटीचा."

त्याच दुपारी मी रेवदंड्याला गेले. बोट खाडीच्या तोंडाशी उभी होती, नुकती रंगवलेली, निळी-पिवळी. नाखव्यांनी पुढच्या बाजूची फळी उचलली आणि खालून असा भपकारा आला की मी दोन पावलं मागे सरले. खाली बंद, उबट जागा. एका बाजूला रंगाचे आणि थिनरचे डबे, झाकणं नुसती टेकवलेली. त्यांना खेटून आमची उरलेली खोकी.

"पाणी इथे कधी ठेवलंत?"

"बंदीत. रंग लावायच्या आधी."

"इतक्या आधी का?"

नाखव्यांच्या पत्नी हौसाबाई किनाऱ्यावर उभ्या होत्या. त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरची रीत अशी, की बोट रंगवायला घेतली की ती उपाशी-तहानलेली ठेवायची नाही. पोटात पाणी ठेवायचं. सासूबाईंच्या वेळी तांब्याची एक कळशी ठेवत आणि पूजा झाल्यावर समुद्रात ओतत. यंदा नातवाने कळशीच्या जागी पंधरा खोकी चढवली. रीतही झाली आणि मोसमाचं पाणीही भरून झालं.

मला राग येईना. कळशीतलं पाणी कुणी पीत नव्हतं, एवढाच फरक होता.

सील असताना वास आत कसा गेला, हे मी तिथेच वाळूत बसून सांगितलं. प्लास्टिक आपल्याला भिंतीसारखं वाटतं, पण थिनरसारख्या पदार्थाची वाफ त्यातून अगदी सावकाश आत झिरपते. झाकणातून जरा जास्तच. एका दिवसात कळत नाही. बंद, गरम जागेत आठवडेच्या आठवडे ठेवलं की कळतं. खलाशांच्या उलट्या नुसत्या वासाने झाल्या की आत गेलेल्या थिनरने, हे मला सांगता येत नव्हतं. तसं मी म्हटलंही. त्या खोक्यांतलं पाणी मात्र माझ्यासमोर ओतायला लावलं.

"आनि उन्हात वितलतं ते?" एका खलाशाने विचारलं.

"वितळत नाही. पण बाटली फार तापली तर प्लास्टिकमधलं थोडंफार पाण्यात उतरतं. म्हणून सावलीत ठेवायची, तारखेच्या आत संपवायची."

"मंजे तुमचं पानी बी शंभर टक्के न्हाय."

"नाही. पण त्या निळ्या कॅनच्या पाण्यापेक्षा मी हे माझ्या मुलीला देईन. देतेच."

नाखवा उठले आणि बोटीतले रंगाचे डबे बाहेर काढू लागले.

प्लांटवर परत आल्यावर आधी आमचंच गोडाऊन बघितलं. पाण्याच्या खोक्यांना लागून फिनेलच्या कॅन ठेवलेल्या. शेठ माझ्या मागे उभे होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी माणसं बोलावून फिनेल हलवलं. मग दोन नव्या सीलबंद बाटल्या थिनरच्या उघड्या डब्याबरोबर एका बंद पेटीत ठेवल्या, दोन वेगळ्या खोलीत. काही आठवड्यांनी पेटीतल्यांना तोच वास आला. शेठनी स्वतः हुंगून बघितलं आणि तक्रारीच्या कागदावर खरं कारण लिहायला परवानगी दिली.

नाखव्यांची बोट मात्र माझ्या रेवदंड्याच्या फेरीनंतर दुसऱ्याच दिवशी गेली, प्लांटवरून नेलेली नवी खोकी घेऊन. आठही दिवस राहिली. परतल्यावर त्यांनी फोन केला. "बाय, पोरं ठीक हायत. हौसानं कॅनच्या बुडाला तापल्या सळीनं भोकं पाडलीत. आता कोन भरतंय बगू."

फोन ठेवून मी बराच वेळ एकटीच हसत होते. बावीस वर्षांत मी पुष्कळ सह्या केल्या, पण माझ्या कामाला मिळालेलं खरं सर्टिफिकेट म्हणजे ती भोकं, असं मी आजही मानते.

आता लग्नात, बसमध्ये, कुठेही लोक विचारतात, बाटलीतलं पाणी सुरक्षित असतं का हो? मी उलट विचारते, बाटली ठेवली होती कुठे? बहुतेकांना ते माहीत नसतं.