आग्रह न करणारे नाना

आमच्या नानांनी आयुष्यात कधी कोणाला ‘आणखी थोडं घ्या’ म्हटलं नाही. खानदेशात असा माणूस शोधून सापडायचा नाही. आमच्याकडे पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला म्हणजे त्याला नको आहे, असं कोणी समजत नाही. उलट खरा आग्रह तिथूनच सुरू होतो. हात बाजूला सारायचा, शपथ घालायची, दोन पुऱ्या बळंच टाकायच्या आणि तो ‘बस बस’ म्हणाला की घरातल्या सगळ्यांनी समाधानानं हसायचं. नाना यातलं काहीच करत नसत. ताट बघायचे, लागेल ते वाढायचे आणि पुढे सरकायचे.

त्यांच्या मुलीच्या लग्नात यावरून रामायण झालं होतं. मुलगी पिंपळनेरला दिली होती आणि वऱ्हाड सगळं धुळ्याकडचं, खाण्याखिलवण्यात कोणाला हार न जाणारं. पंगतीत नाना स्वतः वाढायला उभे राहिले. जिलबी दोनदा फिरली, पाहुण्यांचे हात आडवे झाले, तशी त्यांनी परात खाली ठेवून दिली. व्याह्यांचे थोरले भाऊ पोट भरलेलं असूनही भडकले. ‘आठे कोणी वाढाले शे का नही?’ म्हणजे इथं वाढायला कोणी आहे की नाही, असा त्यांनी भर मांडवात आवाज दिला. नाना शांतपणे त्यांच्यासमोर जाऊन म्हणाले, ‘तुम्हाला पाणी हवंय, भाऊ. जिलबी नको.’ भाऊंनी अर्धा तांब्या गटागटा रिकामा केला, पण रुसवा काही सोडला नाही. पुढे कित्येक वर्षं तिकडे नानांचं नाव निघालं की ही जिलबी निघायचीच.

नाना आईच्या नात्यातले. भुसावळला रेल्वेत सलूनवर अटेंडंट होते. हे सलून म्हणजे न्हाव्याचं दुकान नव्हे, हे गावाकडे प्रत्येक वेळी सांगावं लागे. मोठे अधिकारी तपासणीला निघाले की गाडीच्या शेवटी त्यांचा वेगळा डबा जोडतात, त्याला सलून म्हणतात. त्यात साहेबाचं झोपणं, जेवणं, कागदपत्रं, सगळं. चालत्या गाडीत, चार पावलांच्या स्वयंपाकघरात नानांनी चाळीस वर्षं साहेबलोकांचं खाणंपिणं सांभाळलं. वाढणारा जेवणाऱ्याला दिसता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम. कप कधी पाऊणच्या वर भरायचा नाही. ताटलीखाली ओलं फडकं घालायचं, म्हणजे वळणावर ती सरकत नाही. कपाट उघडलं की कडी लावल्याशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचा नाही. त्यांच्या घरीसुद्धा साखरेच्या डब्याच्या कपाटाला कडी होती, आणि चहा करताना नानी ती विसरली की नाना न बोलता उठून लावून येत.

मी बारावीत दोनदा आपटलो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, मला घेऊन त्यांच्याकडे गेले. यावलजवळ आमची केळी होती, पण केळीच्या बागेत मला सोडलं की मी नुसता गारव्याला बसतो, अशी आबांची तक्रार होती आणि ती खरी होती. नानांनी मला रेल्वेत चिकटवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. नाना म्हणाले, ते माझ्या हातात नाही. चहा झाला. मी माझ्या कपाबरोबर आबांचाही कप उचलला आणि स्टुलावर कपाच्या बुडाची गोल ओल राहिली होती ती बाहीनं पुसली. बाहीनं पुसली म्हणून आबांनी माझ्याकडे डोळे वटारले. नाना मात्र बराच वेळ त्या स्टुलाकडे बघत राहिले.

महिन्याभरानं त्यांनी एक पोस्टकार्ड टाकलं. त्यांच्या सलूनमधून फिरलेले एक मोठे साहेब निवृत्त होऊन मुंबईत राहत होते आणि त्यांच्या दोस्त शेठची एक यॉट होती. यॉट म्हणजे श्रीमंतांची खासगी बोट. आत बंगला असतो, पण लांबीला आमच्या खळ्याएवढा. तिच्यावर वाढायला, खोल्या आवरायला माणूस हवा होता. चाळीस वर्षांत नानांनी साहेबांकडे कोणाचीही शिफारस केली नव्हती, स्वतःच्या पुतण्याचीसुद्धा नाही. माझी केली. गावात बातमी पसरली की आबांचा मधू मासेमारीला चालला. आबांनी निघताना फक्त एक सांगितलं, ‘नानांच्या शब्दाला बट्टा लावू नको.’

तीन महिने बघून मग कायम करणार, असं ठरलं होतं. मी तीन आठवड्यांत बट्टा लावला.

झालं असं, की शेठकडे परदेशातल्या एक म्हाताऱ्या बाई पाहुण्या होत्या. समुद्र जरा खवळलेला. मी शिरा घेऊन गेलो. बाईंनी ताटलीवर हात धरला. आता मी यावलचा माणूस. पाहुणी बाई, आजीच्या वयाची, लाजत असणार! मी हसलो, मान हलवली, त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि चमचाभर शिरा वाढलाच. त्यांनी भिडेपोटी घास घेतला, आणि पुढच्याच क्षणी त्या तोंडावर रुमाल धरून उठल्या त्या जेमतेम बाहेरच्या कठड्यापर्यंत पोचल्या. कॅप्टन साहेब नौदलातून आलेले, ओरडले नाहीत. धक्क्याला लागल्यावर माझी पिशवी त्यांनी स्वतः आणून माझ्या हातात दिली.

घरी जायची हिंमत नव्हती. मी सरळ भुसावळला नानांच्या दारात उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता हे मला फाडून खाणार. नानांनी विचारलं, ‘बाईंनी हात कसा धरला होता? करून दाखव.’ मी दाखवला. ‘बोटं सुटी होती की जुळलेली?’ मला आठवेना. मग आठवलं, जुळलेली होती. नाना म्हणाले, ‘बोटं सुटी असली तर माणूस नुसता संकोचतो. जुळली की पोट मिटलं. हे मी तुला सांगायला हवं होतं.’ आणि तिथेच बसून त्यांनी साहेबांना दुसरं कार्ड लिहिलं. मला वाचायला दिलं. त्यात होतं: ‘मुलगा मी अर्धवट शिकवून पाठवला. चूक माझी आहे. दोन महिन्यांनी पुन्हा पाठवतो, तेव्हा एकदाच बघावा.’ ज्या माणसानं साहेबासमोर कधी पेला हिंदकळू दिला नाही, त्यानं माझ्यासाठी स्वतःच्या हातानं ‘चूक माझी’ असं लिहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते दोन महिने काय सांगू! भुसावळ-यावल एसटीत त्यांनी मला ट्रे घेऊन उभं केलं. ट्रेमध्ये पाण्याचे सहा पेले, वरच्या दांडीला हात लावायचा नाही, गुडघे सैल सोडायचे. तापीच्या पुलाआधीचे खड्डे तुम्हाला माहीत नसतील तर माहीत नाहीत. पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या एका गृहस्थांची अंघोळ झाली. दुसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी सरळ एक पेला उचलून पिऊन टाकला आणि ‘पुण्य लागेल बाबा’ म्हणाल्या. नाना मागच्या बाकावर बसलेले, चेहऱ्यावरची रेषा हलत नव्हती. पंधरा दिवसांनी पेले यावलपर्यंत कोरडे पोचायला लागले. म्हणजे बाहेरून कोरडे, आत पाणी भरलेलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. नाना म्हणाले, ‘अजून कच्चं आहे.’

सगळ्यात अवघड दिवस आमच्याच शेतातला. हिवाळा होता, भरिताचे दिवस. पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावर वांगी भाजून बांधावर पंगत बसली होती, चाळीसेक माणसं. नानांनी मला वाढायला लावलं आणि अट घातली: तोंडातून शब्द काढायचा नाही, फक्त हात बघायचे. मी हात बघत गेलो. कोणाची बोटं सुटी, कोणाची जुळलेली; खरंच कळायला लागलं, आणि कळायला लागल्याचा मला मोठा आनंद झाला. पंगतीत आबाही होते. त्यांची बोटं जुळली होती, मी थांबलो नाही, पुढे गेलो. हात धुताना आबा म्हणाले, ‘बापाला एकदा विचारायचं तरी होतं.’

परत जाताना मी नानांना हे सांगितलं. ते म्हणाले, ‘आबांचं बरोबर आहे. नोकरीत बघायचं असतं, घरात विचारायचं असतं. मला घरात विचारायला जमलं नाही. नानीला मी कधी विचारलं नाही, पोरीला विचारलं नाही. तू दोन्ही शीक.’ नाना स्वतःबद्दल इतकं बोललेलं मी तेव्हाच ऐकलं.

मुंबईला परत गेलो आणि टिकलो. वर्षभरात शेठच्या खास पाहुण्यांचं टेबल माझ्याकडे आलं. शेठच्या ओळखीनं दुबईच्या एका मालकाच्या यॉटवर गेलो, तिथून त्याहून मोठ्या यॉटवर. उन्हाळा फ्रान्सच्या किनाऱ्याला, हिवाळा आखातात. आधी तिसरा स्टुअर्ड, म्हणजे वाढण्या-आवरण्याच्या कामातला तिसऱ्या नंबरचा माणूस, मग दुसरा, आणि सातव्या वर्षी मुख्य स्टुअर्ड. हाताखाली चार माणसं आली, त्यांत दोन गोरी. आबांनी ही दोन गोरी अख्ख्या पंचक्रोशीत फिरवली.

दर सुट्टीत मी भुसावळला जायचो. पगार किती, देश कुठले, मालक कोण, यातलं नाना काही विचारत नसत. कपाटांना कड्या कशा आहेत? फडकी कुठं वाळवता? रात्रीतून समुद्र उठला तर काचेचं सामान कशात ठेवता? मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे. मग मला चहा करून आणायला लावायचे, प्यायचे, आणि दर वेळी एकच: ‘अजून कच्चं आहे.’ एका वर्षी मी वैतागलो. म्हटलं, ‘नाना, मी आता चौघांना शिकवतो.’ ते म्हणाले, ‘मग तेही कच्चेच असणार.’ मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एवढ्या बड्या मालकानं मला मानलं होतं, आणि ज्यांच्या तोंडून ऐकायचं होतं ते एक अक्षर बोलत नव्हते. त्यांच्या शब्दाला मी लावलेला बट्टा पुसला गेला की नाही, हे मला त्यांच्याकडूनच कळायला हवं होतं.

नाना गेले तेव्हा मी समुद्रावर होतो. तार मिळाली तोवर चार दिवस झाले होते, आणि मालकाचा प्रवास मध्येच सोडता आला नाही. तेराव्यालाही मी पोचलो नाही. त्याची हळहळ अजून जात नाही. पण त्याच्या आदल्या हिवाळ्यात आमची भेट झाली होती, मुंबईत.

आमची यॉट तीन दिवस मुंबईत उभी होती. मालक एका लग्नासाठी किनाऱ्यावर गेले होते. मी कॅप्टनची परवानगी काढली आणि नानांना बोलावलं. ते रेल्वेच्या पासावर एकटे आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, इस्त्रीची घडी जागच्या जागी. लाँचमध्ये बसल्यावर म्हणाले, ‘मुंबईला मी पन्नास वेळा आलो असेन. समुद्र आज बघतोय.’ सलून यार्डात उभं राहिलं तरी अटेंडंटनं आतच थांबायचं असतं. साहेब समुद्र बघून यायचे, नाना त्यांचे बूट पुसायचे.

यॉटवर त्यांनी आधी सगळ्या कड्या बघितल्या. मग मी त्यांना मालकाच्या टेबलाशी नेलं आणि खुर्ची मागे ओढली. नाना बसेनात. भिंतीला पाठ लावून उभे राहिले, हात मागे, जसे सलूनमध्ये चाळीस वर्षं उभे राहत असतील तसे. म्हणाले, ‘तू वाढ, मी उभ्यानं बघतो.’ मी म्हटलं, ‘नाना, उभ्यानं जेवता येत नाही.’ शेवटी बसले, पण खुर्चीच्या अगदी कडेवर.

वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी मी सकाळी स्वतः केली होती. ती मालकाच्या भांड्यांतून, मालकाला वाढतो तशीच वाढली. एक शब्द बोललो नाही. हळूहळू ते खुर्चीत मागे टेकले. खिडकीतून समुद्र बघत, बट्टी कुस्करत, निवांत जेवले. मध्ये एकदा स्वतःशीच हसले. जेवण झालं, बोटं जुळली, मी ताट उचललं. मी वाट बघत होतो, आता काही म्हणतील. त्यांनी हात पुसले, रुमालाची घडी घातली आणि ‘चल, गाडीची वेळ होईल’ म्हणाले. ‘कच्चं आहे’ हेसुद्धा म्हणाले नाहीत. मला फार वाईट वाटलं.

परतीची लाँच निम्म्यावर आली तेव्हा ते माझ्याकडे वळले. एरवी माझ्याशी शुद्ध पुस्तकी बोलणारे नाना त्या दिवशी घरच्या बोलीत बोलले.

‘मी जेवत व्हतो तं तू कुठी व्हता रे? दिसलाच नही मले.’

ते थट्टा करत नव्हते. खरंच विचारत होते, आणि जरा रागावलेही होते, की इतक्या लांब बोलावून हा पोरगा मला एकट्याला जेवायला बसवून गेला कुठं.

मी पाऊण तास त्यांच्या उजव्या खांद्यामागे, हातभर अंतरावर उभा होतो. ‘इथंच होतो, नाना,’ एवढंच म्हणालो.