गुणवंताची मानाची जोडी

आमच्या सौंसर गावात बोलतात, की प्लॉटवाल्या गुणवंता डिगरसेला राजानं हत्ती पाठवून जावई करून नेलं. हत्ती कुठला! राजाची संत्र्याची बाग तोडून प्लॉट पाडायला हा आपल्या खटारा जीपनं गेला आणि राजकन्या घेऊन आला. तेव्हापासून नाकातून बोलतो, "आम्ही राजघराण्यातले." ती नक्कल मी शाळेत रोज करतो.

यंदा त्याला पोळ्याचा मान पाहिजे होता. तोरणाखालून पहिली जोडी पिढ्यान्‌पिढ्या पाटलांची जाते. मी चौकात म्हणालो, "काकाजी, तुमच्या दारात बैल नाही. मान कोण देऊन राहिलं तुम्हाले?"

"लाव पैज! हरलास तर सगळ्यांसमोर आम्हाला राजेसाहेब म्हणायचं. नक्कल न करता."

पोळ्याच्या मैदानाचे प्लॉट त्यानंच पाडले होते, म्हणून तोरणाला जागाच उरली नाही. गुणवंतानं आपला न विकलेला प्लॉट दिला आणि सासऱ्याचे बैल पुढं काढले. जागाच त्याची, म्हणून पाटील मागं सरले.

मी ओरडलो, "राजेसाहेब!" सवयीनं आवाज नाकातूनच निघाला. सगळा पोळा हसला.

गुणवंता खूश! म्हणाला, "आता कसा राजघराण्यातल्यासारखा बोललास."