भाचीचा झोपेतला नाच

शंभरेक वर्षांपूर्वी युरोपात एक बाई संमोहनाखाली नाचायची आणि शहाणीसुरती माणसं तिकीट काढून ते बघायची, असं वाचलं होतं. तेव्हाही माझा विश्वास बसला नव्हता. तोच प्रयोग ‘आजच्या प्रेक्षकांसाठी नव्यानं’ बेळगावात होणार आणि नाचणार माझी भाची, हे कळल्यावर तर मुळीच बसेना.

भाची निपाणीच्या शाळेत गणित शिकवते. नाच लहानपणापासून शिकलेली. हा नाच बसवण्यात तिची सगळी उन्हाळी सुट्टी गेली. पत्रिकेवर मात्र बंगळुरूच्या दिग्दर्शकांचं नाव ठळक, आणि तिच्या नावापुढं नुसतं ‘माध्यम’.

“मामा, झोपेत नाचली म्हटल्यावर त्यात माझं काय उरलं?” ती म्हणाली होती. “शेवटी प्रश्नोत्तरं हायत. तवा सांगणार मी.”

बेळगावच्या खासबागेतला हॉल भरला. काळ्या कुर्त्यातल्या दिग्दर्शकांनी तिच्या कपाळापुढं हात फिरवला. तिचे डोळे मिटले, मान कलली. मग ती नाचली. फार चांगली नाचली, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागलं. एका गिरकीत तिचा पाय तबल्याला लागला. मिटल्या डोळ्यांनीच ती वाकली, तबल्याला हात लावून कपाळाला लावला आणि पुढं नाचू लागली.

“जागी हाय की रं पोरगी,” शेजारचे कंग्राळीचे आप्पा कुजबुजले.

“गप बसा, आप्पा.”

दिग्दर्शकांनी लगेच माइक घेतला. “पाहिलंत? संस्कार झोपेतही जागे असतात.” टाळ्या.

प्रश्नोत्तरांत एका बाईंनी तिला अनुभव विचारला.

“मी झोपले नव्हते,” भाची म्हणाली. “नाच मी स्वतः बसवलाय.”

दिग्दर्शक मायेनं हसले. “अजून अंमल उतरलेला नाही. जागं असल्यासारखं वाटतं, हेच तर संमोहन.”

लोक हळहळले. कुणी पाण्याची बाटली पुढं केली. आप्पासुद्धा म्हणाले, “मग असंल बा.”

भाचीनं बाटली घेतली नाही. तबलजीला म्हणाली, “पहिल्यापासून घ्या.” आणि टक्क उघड्या डोळ्यांनी नाचायला लागली. दिग्दर्शक धावत तिच्यापुढं आले. “जागी हो!”

“जागीच हाय, सर. जरा बाजूला सरा, इथं गिरकी हाय.”

ते सरले. टाळ्या पडल्या, कुणासाठी, हे मात्र मी अजूनही खात्रीनं सांगणार नाही.