मामांची बिडी आणि पेशीचं औषध

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, म्हणजे मला मधे थांबावं लागणार नाही. तर झालं असं, की माझ्या सासऱ्यांची सुटलेली बिडी मी परत सुरू करून दिली. आणि तीही भर सभेत, माइकवरून.

नव्वदच्या दशकाचा शेवट. मी नगरला कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. लग्न होऊन तिसगावच्या घरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. सासऱ्यांना मी मामा म्हणायची, सासूबाईंना आत्याबाई. मामांना खोकला यायचा तो असा, की गोठ्यातली म्हैस दावं ताणून उभी राहायची. डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितली. डॉक्टरांचं मामा कुठले ऐकतात? पण आत्याबाईंनी जेवायला वाढणंच बंद केलं, तेव्हा सुटली.

अशात गावच्या शाळेत विज्ञान दिनाला मला व्याख्यानाला बोलावलं. नवी सून, तीही प्राध्यापक, म्हणून अर्धं गाव लोटलेलं. पहिल्या रांगेत मामा, फेटा बांधून. आता मला पाण्याचं चक्र सांगून भागलं नसतं का? पण मी नुकतंच काहीतरी वाचलेलं, आणि ते सांगायची भारी खुमखुमी.

मी सांगितलं, की कार्बन मोनॉक्साइड म्हणजे जाळ नीट पेटला नाही की निघणारा विषारी वायू. पण गंमत बघा, आपलं शरीर स्वतःच तो अगदी कणभर तयार करतं. पेशीच्या आत अन्न जाळणारी जी भट्टी असते, ती त्या कणभर वायूनं जरा मंदावते. पेशी सावध होते, आपला बंदोबस्त करून ठेवते आणि पुढच्या संकटात तगते. शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतायत.

मामा उठले. माझ्या व्याख्यानाला पहिला प्रश्न, तोही घरातून. मला कोण आनंद झाला.

"सूनबाई, हा वायू बिडीच्या धुरात असतो का?"

"हो तर, भरपूर असतो," मी म्हटलं.

पुढं मी 'पण' म्हणणार, तोच मुख्याध्यापकांनी आभार मानायला घेतले आणि चहा आला. माझा तो 'पण' घशातच राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओट्यावर बसून राजरोस बिडी ओढताना दिसले. आत्याबाईंनी विचारलं, हे काय चाललंय. मामांनी धूर सोडला आणि शांतपणे सांगितलं, "सूनबाईला इचार. पेशीला लागतंय."

आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. त्या दिवसापासून मला चहा मिळायचा, पण त्यात साखर नसायची.

बरं, हे घरापुरतं राहिलं असतं तर मी तेवढं गिळलं असतं. पण स्टँडवरच्या टपरीवर लोक बिडीबंडलाला 'मॅडमचं औषध' म्हणायला लागले. पलीकडच्या आळीतले एक आजोबा येऊन विचारून गेले, की जेवणाआधी ओढायची का जेवणानंतर. आणि कळस म्हणजे शेजारच्या सुमनताई तावातावानं आल्या. त्यांचा गॅसचा नंबर लागला होता, आणि नवऱ्यानं शेगडी आणायलाच नकार दिला होता. म्हणे, चुलीच्या धुरात फुकट औषध असताना गॅस कशाला?

"तुमचं शिक्षान तुमच्यापाशी," सुमनताई म्हणाल्या, "पर माझी चूल तुमी फुकायला या."

मग मात्र मी घाबरले. रविवारी सकाळी सगळ्यांना आमच्या ओट्यासमोर बोलावलं. सांगितलं, की भाजीत चिमूटभर मीठ लागतं म्हणून कोणी पातेल्यात पोतं ओततं का? बाहेरून धूर ओढला की हा वायू रक्तात शिरतो आणि एसटीत रुमाल टाकावा तसा प्राणवायूची जागा अडवून बसतो. उठता उठत नाही. मग प्राणवायू उभाच, आणि माणूस आडवा. हे एसटीचं लोकांना पटकन पटलं. माना डोलल्या.

मामांना मात्र पटेना. शरीर तयार करतं म्हणतेस तर कुठं करतं ते दाखव, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, मुका मार लागला की कातडी काळीनिळी होते ना? मग हिरवी, मग पिवळी? तिथं साकळलेलं रक्त शरीर मोडत असतं. ते मोडतानाच हा वायू कणाकणानं सुटतो.

आत्याबाई इतका वेळ दारातून ऐकत होत्या. त्या पुढं आल्या.

"म्हंजी मार बसला की औषध आतल्या आत तयार हुतं?"

"हो, थोडंसं."

"मंग बिडीची गरजच न्हाई," त्या मामांकडे बघत म्हणाल्या. "लाटनं हाय की घरात."

सगळी आळी हसली. मामांनी बंडीच्या खिशातून बंडल काढलं आणि मुकाट्यानं आत्याबाईंच्या हातावर ठेवलं. सुमनताईंच्या नवऱ्यानंही जाता जाता शेगडीचा भाव विचारला. बघा, शेवटी विज्ञान जिंकलं की नाही? मी अशी फुलून गेले, की वाकून सगळ्यांना नमस्कार करता करता पाय मागं घ्यायच्या ऐवजी पुढं टाकला, आणि ओट्यावरून थेट खाली, गुडघ्यावर.

चांगला टप्पोरा काळानिळा गुडघा झाला. दोघी-तिघींनी धरून मला घरात नेलं. कळ मस्तकात जात होती. मी कण्हत आत्याबाईंना म्हटलं, जरा हळद गरम करून लावता का?

त्यांनी गुडघा नीट निरखून बघितला आणि पदर खोचून भाकरी थापायला वळल्या.

"राहू दे सूनबाई. तुजं औषध आतून तयार हुतंय."