‘हेल्प’ म्हणण्याची रीत

टेक-आउटबरोबर येणारी केचपची पाकिटं कोणी मुद्दाम साठवत नाही, तरी एक दिवस ड्रॉवर उघडेनासा होतो. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिल गावच्या लायब्ररीतल्या इंग्लिशच्या वर्गाचे किस्से माझ्याकडे असेच साठले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून दर मंगळवारी सकाळी मी तिथे फुकट शिकवायला जायचे. शिकणारे सगळे चिनी आजी-आजोबा, मुलाकडे नाहीतर लेकीकडे राहायला आलेले. वर्ग चालवायच्या शैलाकाकू, मूळच्या नागपूरच्या, आता इथे मुरलेल्या. आणि मी? डोअरबेल वाजली तरी हातातला चहा सांडणारी बाई. मला टीचर कोणी केलं, देव जाणे!

•

पहिल्या दिवशी मी प्रत्येकाला विचारलं, कुठला शब्द शिकायचाय? लिन आजी म्हणाल्या, "कूपन!" गुओकाकांनी खिशातून चिठ्ठी काढली. त्यांच्या मुलाच्या अक्षरात एकच शब्द होता. हेल्प.

शेजारी त्यांची बायको बसली होती, मेईमावशी. हार्ट वीक. मुलगा-सून सकाळी ऑफिसला गेले की संध्याकाळपर्यंत घरात हे दोघंच. काकांनी मावशींच्या छातीकडे बोट केलं, मग जमिनीकडे, मग फोनकडे. म्हणाले, "ओन्ली धिस वर्ड. आय लर्न, आय गो होम."

शैलाकाकू हळूच मराठीत म्हणाल्या, "सगळेच असे एका शब्दावर समाधानी असते, तर आपल्याकडचे क्लासवाले उपाशी मेले असते गं!"

•

शब्द सगळ्यांना येत होता. म्हणवत कोणालाच नव्हता! लिन आजी तर असं 'हेल्प' म्हणायच्या, जणू दुसऱ्याच्या घरात झोपलेलं बाळ उठेल.

"जोरात आजी, जोरात!"

आजींनी फोनमध्ये चिनीत काहीतरी सांगितलं आणि फोनने ते इंग्लिशमध्ये वाचून दाखवलं: आमच्याकडे शेजाऱ्याकडे काही मागायला जाताना आधी फळं घेऊन जातात.

तेवढ्यात गुओकाका उठले. मावशींचा हात धरला, डोळे मिटले आणि असे ओरडले, असे ओरडले, की खालच्या मजल्यावरचा सिक्युरिटीवाला धावत वर आला. मी टेबलाखाली होते. खरंच! कशी गेले ते मलाही माहीत नाही.

शैलाकाकूंनी निकाल जाहीर केला. "विद्यार्थी पास. मास्तरीण नापास!"

•

पुढच्याच आठवड्यात मी ग्रोसरी स्टोअरमध्ये होते. शेजारच्या रांगेतून तोच आवाज आला. "हेल्प! हेल्प!"

माझी कार्ट संत्र्यांच्या ढिगात घुसली. संत्री घरंगळत सगळीकडे. मॅनेजर पळतोय, एक बाई फोन काढून नंबर लावतेय, कोणीतरी विचारतंय, "गन आहे का?" मी वळून बघते तर काय, गुओकाका वरच्या फळीवरच्या तांदळाच्या पोत्याकडे बोट दाखवत उभे!

मला पाहून चेहरा असा फुलला त्यांचा. "टीचर! व्हेरी गुड वर्ड! फोर पीपल कम!"

सगळे माझ्याकडे बघत होते. त्या चौघांना मिळून मी किती वेळा सॉरी म्हणाले, मोजलं नाही. घरी नवऱ्याला सांगितलं, तर निनाद हसून हसून सोफ्यावर लोळला. "यार, तू त्यांना सायरन करून ठेवलंयस!"

मला रडू आलं.

•

म्हणून मी रीत शिकवली. बोर्डवर ओळीने लिहिली. आधी 'हॅलो'. मग 'हाऊ आर यू'. मग थांबायचं, समोरच्याला उत्तर देऊ द्यायचं. मग 'सॉरी टु बॉदर यू'. आणि सगळ्यात शेवटी, 'व्हेन यू हॅव अ मोमेंट, कुड यू प्लीज हेल्प मी?'

वर्ग खूश! हे त्यांना पटलं, फळं घेऊन जाण्यासारखं. लिन आजींनी शेजाऱ्यावर प्रयोग केला, तर त्याने त्यांचा कचऱ्याचा डबा रस्त्यापर्यंत ओढून दिला आणि वर कुकीज आणून दिल्या. शैलाकाकू म्हणाल्या, "एवढ्या गोड बोलण्यावर मीसुद्धा डबा ओढला असता."

गुओकाकांनी ते सगळं कागदावर उतरवून घेतलं, फ्रिजवर फोनशेजारी लावलं. सराव घरी चालायचा. ते 'हाऊ आर यू' म्हणायचे, मेईमावशी तोंडावर हात धरून हसायच्या आणि 'फाइन' म्हणायच्या. मावशींचा तो एकच इंग्लिश शब्द.

"आणि इमर्जन्सीत? नाइन-वन-वनला फोन करताना?" शैलाकाकूंनी मला विचारलं.

"ते पुढच्या मंगळवारी घेते, काकू. वेगळंच घेते."

पुढच्या मंगळवारी बर्फ पडला. बोटाच्या पेराएवढाच, पण इकडे तेवढ्यावरही सगळं बंद होतं. लायब्ररीचा मेसेज आला, मी क्लास कॅन्सल केला. खरं सांगते, बरं वाटलं मला. निसरड्या रस्त्यावर ड्राइव्ह करायची भीतीच वाटते.

•

त्यानंतरच्या मंगळवारी गुओकाका एकटे आले. नेहमीच्या जागी बसले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी मावशींची लोकरीची टोपी ठेवली. त्यांच्या मुलाने शैलाकाकूंना फोन केला होता, त्यामुळे मावशी गेल्याचं आम्हाला माहीत होतं.

त्यांची पाळी आली तेव्हा मी त्यांना वगळून पुढे जाणार होते. ते उभे राहिले.

"शी फॉल. किचन. आय कॉल नाइन-वन-वन."

ते पुढे सांगू लागले.

"आय से, हॅलो. लेडी से, व्हॉट इज युअर इमर्जन्सी? आय से, हाऊ आर यू?" ते थांबले. "शी नॉट से फाइन. शी से, अ‍ॅड्रेस, अ‍ॅड्रेस. आय वेट. आय से अगेन, हाऊ आर यू? आय वेट."

शैलाकाकूंनी माझा दंड धरला.

"देन शी से, फाइन, सर. देन आय से सॉरी टु बॉदर यू. देन आय से ऑल."

त्यांनी खिशातून तो कागद काढला, घड्या उलगडल्या आणि माझ्यासमोर ठेवला. एका कोपऱ्यावर फ्रिजच्या मॅग्नेटचा गोल डाग होता.

"टीचर, प्लीज चेक. आय मेक मिस्टेक?"

मी वाचला. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत.

एकही चूक नव्हती.